पुण्याची लस, भंडाऱ्याचा ताप

मलेरियावर लस आली आहे. ती आपल्या पुण्यात बनते. आणि ती तुम्हाला मिळणार नाहीये. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि तिसरी वाचून लगेच कुणावर चिडायच्या आधी जरा थांबा, कारण मामला वाटतो तेवढा सरळ नाही.

लसीचं नाव आर-२१. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या जेन्नर इन्स्टिट्यूटने ती शोधली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती बनवायला घेतली. २ ऑक्टोबर २०२३ला जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि १५ जुलै २०२४ला पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली. वर्षाला १० कोटी डोस बनवायची तयारी असल्याचं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. पुण्यातून निघालेली ही कुपी आफ्रिकेत पोहोचते. पण पुण्यावरून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज भंडारा रोडला थांबते, तिच्यातून मात्र ती उतरत नाही. असं का?

कट्ट्यावर हा प्रश्न टाकलात तर दोन-तीन उत्तरं ठरलेली मिळतील. ‘कंपनीला बाहेर जास्त पैसे मिळतात.’ (चूक. या लसीच्या एका डोसची किंमत चार डॉलरच्या आतच ठेवली आहे आणि ती बहुतेक आंतरराष्ट्रीय मदतीतून घेतली जाते.) ‘आपल्याकडे मलेरिया संपला.’ (अर्धं खरं.) ‘आपल्याला कोण विचारतो?’ (याच्याकडे शेवटी येऊ, कारण यात थोडं तथ्य आहे.) पण खरं उत्तर सुरू होतं एका शब्दापासून, जो कोविडमध्ये आपण सगळ्यांनी ऐकला आणि विसरून गेलो. अँटिजेन.

आशाताईच्या पिशवीतली पट्टी

रॅपिड अँटिजेन टेस्ट आठवते? नाकात काडी आणि पंधरा मिनिटांत निकाल. मलेरियाची तशीच पट्टी गावातल्या आशाताईकडे असते. बोटाला टोचून एक थेंब रक्त घ्यायचं, पट्टीवर टाकायचं, वरून औषधाचे थेंब सोडायचे आणि रेघा मोजायच्या. मलेरियाचा परजीवी रक्तात वाढताना स्वतःची काही प्रोटीन बाहेर सोडतो. पट्टीवर आधीच चिकटवलेल्या अँटिबॉडी ती प्रोटीन पकडतात आणि रेघ उमटते. शरीराची यंत्रणा ज्याला ‘हा परका आहे’ म्हणून ओळखू शकते, असा परजीवीचा तुकडा म्हणजे अँटिजेन. बास, एवढंच.

पण या पट्टीतच पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज आहे. पट्टीवर दोन वेगळ्या रेघा असतात, कारण आपल्याकडे मलेरिया दोन जातींचा आहे. एक प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम, जो मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. दुसरा प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स, जो सहसा जीव घेत नाही, पण पुन्हा पुन्हा येतो आणि माणसाला पिळून काढतो. दोघांचे अँटिजेन वेगळे, म्हणून रेघा वेगळ्या. फाल्सिपेरमची रेघ एचआरपी-२ नावाच्या प्रोटीनवर उमटते. पेरू, एरिट्रिया अशा देशांत तर असे परजीवी सापडले की ज्यांनी हे प्रोटीन बनवणारा जीनच टाकून दिला आहे! रुग्ण तापाने फणफणलाय आणि पट्टी म्हणते, मलेरिया नाही. आपण ज्या खुणेवरून चोर ओळखतो, ती खूणच चोराने पुसून टाकली.

तेव्हा लस बनवायची म्हणजे अशी खूण शोधायची, जी परजीवीला टाकून देता येणार नाही. जिच्याशिवाय त्याचं चालणारच नाही.

एक नट, तीन वेष

कोरोना विषाणूकडे एकूण प्रोटीन तीसच्या आसपास. त्यातलं बाहेर आलेलं काटेरी प्रोटीन पकडलं आणि एका वर्षात लस झाली. फाल्सिपेरमकडे सुमारे ५,३०० जीन आहेत. २००२मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचून झाला तेव्हा लोकांना वाटलं, आता काय, यादी हातात आली! यादी आली, पण तिच्यातलं नेमकं कुठलं प्रोटीन घ्यायचं, हे यादी सांगत नाही.

त्यात हा परजीवी एका रूपात राहत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात एकच नट पहिल्या अंकात पाटील, दुसऱ्यात फकीर आणि तिसऱ्यात पोलीस होऊन येतो ना, तसंच. डास चावताना तो सुतळीच्या बारीक तुकड्यासारख्या रूपात शरीरात शिरतो, ते स्पोरोझॉइट. थोड्याच वेळात तो यकृतात पोहोचतो आणि तिथे वाढतो. तिथून बाहेर पडताना वेष बदलून मेरोझॉइट होतो आणि लाल पेशींत घुसतो, तेव्हा आपल्याला थंडी वाजून ताप येतो. त्यातलेच काही पुढे नर-मादी रूपं घेऊन रक्तात थांबतात, पुढच्या डासाची वाट बघत. दर अंकात कपडे वेगळे, म्हणजे अँटिजेन वेगळे. पहिल्या अंकातला वेष ओळखायला शिकवलेला पोलीस दुसऱ्या अंकात त्याच नटाला सलाम ठोकतो.

पहिल्या वेषावरची खूण सापडली कशी, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६७मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूथ नुसेन्झवाइग यांनी किरणोत्सर्गाने लुळे केलेले स्पोरोझॉइट उंदरांना टोचले आणि उंदरांना मलेरियापासून संरक्षण मिळालं. म्हणजे लस शक्य होती. पण लुळे स्पोरोझॉइट आणायचे कुठून? ते बाटलीत वाढत नव्हते, डासाच्या लाळग्रंथीत मिळायचे. एकेक डास सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, सुईने डोकं ओढायचं, सोबत येणाऱ्या ग्रंथी वेगळ्या करायच्या. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला झुरळ फाडून वैतागलेल्यांनी कल्पना करून बघा. तेव्हा पूर्ण परजीवीऐवजी त्याच्यावरचं एखादं प्रोटीन मिळालं तर बरं, असा शोध सुरू झाला. सुरक्षित झालेल्या उंदरांच्या अँटिबॉडी नेमक्या कशाला चिकटतात हे पाहिलं, तर स्पोरोझॉइटच्या अंगभर पसरलेलं एक प्रोटीन पुढे आलं. सर्कमस्पोरोझॉइट प्रोटीन, थोडक्यात सीएसपी. १९८४मध्ये फाल्सिपेरममधला त्याचा जीन हाती लागला. त्याच्या मधल्या भागात चार अमिनो आम्लांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा, तीस-चाळीस वेळा येतो. आरतीतलं धृपदच जणू.

हे प्रोटीन आज यीस्टमध्ये बनवलं जातं. सीएसपीचा तुकडा हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनला जोडतात. हे प्रोटीन आपोआप एकत्र येऊन बारीक गोळे तयार करतं आणि गोळ्यावर सीएसपी काट्यांसारखं बाहेर येतं. हिपॅटायटिस बीची लस तुमच्यातल्या बहुतेकांनी लहानपणी घेतलेली असेल, म्हणजे यातला अर्धा भाग तुमच्या ओळखीचाच आहे. आरटीएस,एस ही पहिली मलेरिया लस याच कल्पनेवर बनली आणि आर-२१ ही तिची सुधारलेली धाकटी बहीण. जीन सापडला १९८४मध्ये, आरटीएस,एसची व्यापक शिफारस झाली ६ ऑक्टोबर २०२१ला. मधे ३७ वर्षं गेली. एवढं करून, सात आफ्रिकी देशांतल्या १५,४५९ बाळांवर आणि मुलांवर झालेल्या चाचणीत, चार डोस घेतलेल्या मोठ्या वयोगटातल्या मुलांमध्ये सुमारे चार वर्षांत मलेरिया ३६ टक्क्यांनी घटला. आर-२१चा आकडा अधिक चांगला आहे. पावसाळ्यात मलेरियाचा जोर असलेल्या भागांत, मोसमाच्या आधी डोस दिल्यावर, वर्षभरात सुमारे ७५ टक्के.

आता मूळ प्रश्नाकडे या. या दोन्ही लशींमधला अँटिजेन फाल्सिपेरमचा आहे आणि तोही पहिल्या वेषाचा. आफ्रिकेतला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरमचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३मध्ये जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत आणि तिथल्या मृतांमध्ये दर चारांत तीन मुलं पाच वर्षांखालची. ज्या कुपीला आधी तिथे जायचं होतं, ती तिथे गेली. यात अन्याय नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. भारतात २०१५मध्ये मलेरियाचे सुमारे ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०२३मध्ये २ लाख २७ हजार. नोंदलेले मृत्यू ३८४वरून ८३वर आले. (नोंद न झालेले वेगळे, पण कल खरा आहे.) म्हणजे ‘सगळ्या बाळांना चार डोस द्या’ असं म्हणण्यासारखी परिस्थिती देशात बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. जो उरला आहे, त्यात दुसऱ्या जातीचा, व्हायव्हॅक्सचा वाटा मोठा आहे. आणि पुण्याच्या कुपीतला अँटिजेन व्हायव्हॅक्सला ओळखत नाही.

व्हायव्हॅक्स नावाचा भाडेकरू

व्हायव्हॅक्सकडे फाल्सिपेरमकडे नसलेली एक चाल आहे. यकृतात गेलेले त्याचे काही परजीवी वाढतच नाहीत, झोपी जातात. आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त. रक्तातला मलेरिया क्लोरोक्विनने बरा होतो, पट्टी निगेटिव्ह येते, माणूस रोवणीला जातो, आणि मग एके दिवशी डास न चावताच पुन्हा थंडी वाजते. आतला भाडेकरू जागा झालेला असतो. म्हणून व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायला सांगतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या चौथ्या दिवशी फडताळात जातात. तुमच्या घरात असं झालंच नसेल तर तुमचं घर अपवाद समजा.

लशीच्या दृष्टीने आणखी एक पंचाईत आहे. फाल्सिपेरम प्रयोगशाळेत वाढवता येतो. १९७६मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी ते जमवलं, तेही कसं? बंद भांड्यात मेणबत्ती लावायची. ती ऑक्सिजन खाऊन विझली की उरलेल्या हवेत परजीवी खूश. अशा साध्या जुगाडाने जगभरच्या प्रयोगशाळांना फाल्सिपेरमचा अखंड पुरवठा सुरू झाला. व्हायव्हॅक्स मात्र फक्त कोवळ्या लाल पेशींतच शिरतो आणि त्या रक्तात शंभरात एखाद-दुसऱ्याच असतात. त्यामुळे तो बाटलीत सतत वाढवणं आजही जमलेलं नाही. जो जीव वाढवता येत नाही, त्याचे अँटिजेन वेगळे काढायचे कसे, तपासायचे कसे? प्रत्येक वेळी रुग्णाच्या रक्तावाचून पर्याय नाही.

इथे एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. चेतन चिटणीस. आयआयटी मुंबईत एमएस्सी केलं ते फिजिक्समध्ये. पुढे अमेरिकेत बायोफिजिक्समध्ये पीएचडी आणि मग लुई मिलर यांच्याकडे मलेरिया. (‘माझा विषय हा नाही’ असं म्हणून सेमिनार टाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) मिलर यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं होतं की ज्यांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रोटीन नसतं, त्यांच्या पेशींत व्हायव्हॅक्सला शिरता येत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांकडे ते नसतं, म्हणून तिथे व्हायव्हॅक्स अगदी कमी. आपल्याकडे ते जवळपास सगळ्यांकडे असतं. म्हणजे डफी हे व्हायव्हॅक्ससाठी दाराचं कुलूप, आणि किल्ली परजीवीकडे. ती किल्ली म्हणजे डफी बाइंडिंग प्रोटीन. हे प्रोटीन बरंच मोठं आहे. त्यातला कुलपात बसणारा नेमका भाग कुठला, हे चिटणीस आणि मिलर यांनी १९९४मध्ये दाखवलं. त्या भागाला ‘रीजन टू’ म्हणतात. आणि किल्ली परजीवीला सहजासहजी टाकून देता येत नाही! टाकली तर घरात शिरणार कसा?

चिटणीस नव्वदच्या दशकात दिल्लीच्या आयसीजीईबी या संस्थेत आले आणि या रीजन टूची लस बनवायला लागले. इथे अँटिजेन ‘वेगळं काढणं’ म्हणजे काय कष्ट असतात, ते बघा. जीन ई. कोलाय जिवाणूत घातला, जिवाणूने प्रोटीन भरपूर बनवलं, पण गोळा करून. प्रोटीन म्हणजे नुसता अमिनो आम्लांचा धागा नसतो. तो ठरावीक पद्धतीने दुमडला तरच त्याची किल्ली होते. या भागात १२ सिस्टीन आहेत, ते जोड्या-जोड्यांनी बरोबर जुळले पाहिजेत. एक जोडी चुकली की धागा तोच, पण किल्ली वाकडी. मग तो गोळा रसायनात विरघळवायचा, धागा पूर्ण सोडवायचा, भरपूर द्रावणात हळूहळू पुन्हा दुमडू द्यायचा, नीट दुमडलेला भाग कॉलममधून गाळून घ्यायचा आणि शेवटी तो खऱ्या लाल पेशीवरच्या डफीला चिकटतो का ते पाहायचं. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात ‘प्युरिफिकेशन’ या एका शब्दावर आपण परीक्षेच्या आदल्या रात्री रेघ मारतो, त्या शब्दामागे कित्येकांची वर्षं असतात.

या अँटिजेनची पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी भारतात झाली, निष्कर्ष २०१८मध्ये छापून आले. लस सुरक्षित होती, अँटिबॉडी तयार झाल्या. पुढे ऑक्सफर्डमध्ये हीच लस स्वयंसेवकांना देऊन मग त्यांना मुद्दाम व्हायव्हॅक्सची लागण केली गेली. त्यासाठीचा परजीवी थायलंडमधल्या एका रुग्णाच्या रक्तातून आणला होता, कारण बाटलीतला व्हायव्हॅक्स नाहीच ना! २०२३मध्ये निकाल आला. डोसांमध्ये मोठं अंतर ठेवलेल्या गटात परजीवीच्या वाढीचा वेग सरासरी ५१ टक्क्यांनी कमी झाला. त्या गटात माणसं किती? सहा. वाढ मंदावली, थांबली नाही. तरी व्हायव्हॅक्सच्या रक्तातल्या रूपावर लशीने केलेला हा खरा परिणाम आहे. आणि १९९४ ते २०२३ म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयापेक्षा मोठा काळ आहे.

सगळंच असं जमतं असंही नाही. याच दिल्लीच्या गटाने फाल्सिपेरमच्या रक्तातल्या रूपासाठी दोन अँटिजेन एकत्र करून ‘जयव्हॅक-१’ बनवली होती. चाचणीत एकाविरुद्ध अँटिबॉडी बऱ्या तयार झाल्या, दुसऱ्याने शरीराला जागंच केलं नाही. अशा बातम्या पहिल्या पानावर येत नाहीत, पण कुठला रस्ता बंद आहे, हे त्यांच्यामुळेच कळतं.

रक्तातलं जुनं उत्तर

आपल्या भागापुरतं एक सांगायलाच हवं. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. तुमच्या वर्गात कुणाकडे तरी त्याचं कार्ड असेल. हा जीन इतका का टिकला? १९५४मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की ज्यांच्यात हा जीन एकाच पालकाकडून आलेला असतो, त्यांना फाल्सिपेरमच्या गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन्ही पालकांकडून आला तर मात्र आजार होतो, आणि अशा रुग्णाला मलेरिया झाला तर तो जास्तच धोक्याचा. लस नव्हती, क्विनीन नव्हतं, तेव्हा निसर्गाने शोधलेलं हे उत्तर आहे आणि त्याची किंमत आपल्याकडची पोरं आजही हाडं ठणकताना मोजतात. जुलै २०२३पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. ही मोहीम आणि मलेरियाची लस हे दोन वेगळे विषय आहेत असं वाटत असेल तर पुन्हा विचार करा.

मग नवी देशी लस?

जुलै २०२५मध्ये आयसीएमआरने ‘अॅडफाल्सिव्हॅक्स’ या लशीची घोषणा केली आणि ती बनवण्यासाठी कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. भुवनेश्वरच्या प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राचं हे काम. ‘भारताची स्वदेशी मलेरिया लस’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. मथळ्याच्या खाली काय होतं?

कल्पना चांगली आहे. हिच्यात पहिल्या वेषाचं सीएसपी आहेच, शिवाय तिसऱ्या वेषातल्या, म्हणजे डासात जाणाऱ्या रूपातल्या दोन प्रोटीनचे तुकडे आहेत. म्हणजे लस घेतलेल्याला संरक्षण मिळावं, आणि तरीही परजीवी रक्तात आलाच तर त्याला चावलेल्या डासात तो वाढू नये. ही दुसरी गोष्ट आपल्यासारख्या कमी मलेरियाच्या भागात महत्त्वाची, कारण इथे प्रश्न साखळी तोडण्याचा आहे. लस बनवायला चीज आणि ताकात असणारा लॅक्टोकॉकस जिवाणू वापरला आहे. आणि साध्या तापमानात ती नऊ महिन्यांपेक्षा जास्त टिकते, असा दावा आहे. उन्हाळ्यात लाइट गेल्यावर आरोग्य केंद्रातल्या फ्रीजचं काय होतं हे माहीत असणाऱ्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण घोषणा झाली तेव्हा माणसांवरची चाचणी व्हायची होती. आणि नाव पुन्हा वाचा. अॅड-फाल्सि-व्हॅक्स. हीसुद्धा फाल्सिपेरमचीच.

आता त्या ‘आपल्याला कोण विचारतो’कडे येऊ. व्हायव्हॅक्सचे रुग्ण आशियात आणि दक्षिण अमेरिकेत विखुरलेले. तो मारतो कमी, छळतो जास्त. मृत्यूंचा आकडा मोठा असला की मदतीचा पैसा हलतो. आठ-आठ दिवस बुडालेल्या मजुरीचा, शाळेतल्या गैरहजेरीचा, पुन्हा पुन्हा रक्त कमी होणाऱ्या बाईचा आकडा कुणी तेवढ्या जोरात वाचून दाखवत नाही. आणि परक्या पैशावर किती भिस्त ठेवायची हेही २०२५ने शिकवलं. अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड गुंडाळली. या संस्थेचा स्वतःचा मलेरिया लसविकास कार्यक्रम होता. माझ्या मते व्हायव्हॅक्सच्या अँटिजेनचं काम भारताने स्वतःच्या खिशातून पुढे नेलं नाही, तर दुसरं कुणी नेईल याची आशा कमी आहे. किल्ली ओळखण्यात आणि ती बनवण्यात आपली माणसं होती. कारखाना पुण्यात उभा आहे. यीस्टमध्ये प्रोटीन बनवून ते कोट्यवधी कुप्यांत भरायचं कसं, हे तिथे रोज चालतं. मधला तुकडा, म्हणजे मोठ्या चाचण्या, तेवढा रिकामा आहे.

आणि त्या चाचण्यांची गंमत अशी की आपण जितके चांगले होतोय तितक्या त्या अवघड होत आहेत. समजा, वर्षाला हजारी एक रुग्ण निघतो अशा तालुक्यात १० हजार लोक चाचणीसाठी तयार झाले. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी. वर्षाअखेर बिनलशीच्या गटात पाच रुग्ण निघतील. लशीच्या गटात दोन निघाले तर लस चालली म्हणायचं की नशीब? पाच-दोनच्या हिशोबावर कुणी परवाना देत नाही. म्हणून चाचणी तिथे करावी लागेल जिथे मलेरिया अजून आहे, आणि आपल्या राज्यात तसं ठिकाण म्हटलं की पहिलं नाव येतं गडचिरोलीचं. लाखांदूर ओलांडून वडसा आलं की तोच जिल्हा सुरू होतो. डासांना जिल्हा बदलल्याची पाटी वाचता येत नाही, आणि कामासाठी इकडून तिकडे जाणाऱ्या माणसांच्या रक्तातले परजीवीही ती वाचत नाहीत. वरच्या बाजूला तुमसरला लागून मध्य प्रदेशातला बालाघाट, त्यापलीकडे मंडला. मंडल्यातल्या १,२३३ गावांत २०१७पासून घरोघरी ताप शोधणं, लगेच तपासणं आणि पूर्ण औषध देणं, असा प्रकल्प राबवला गेला आणि मलेरिया झपाट्याने खाली आला. तेही कुठल्याही लशीशिवाय.

हे मुद्दाम सांगतोय. देशाने २०२७पर्यंत स्थानिक लागणीचे रुग्ण शून्यावर आणायचं आणि २०३०पर्यंत मलेरिया निर्मूलन करायचं ठरवलं आहे. व्हायव्हॅक्सची लस २०२७पर्यंत येणार नाही, हे त्यातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला विचारा. तोवर भंडाऱ्यात काम आहे ते बांधीतल्या साचलेल्या पाण्याचं, बोडी आणि मामा तलावातल्या गप्पी माशांचं, आणि त्या १४ दिवसांच्या गोळ्यांचं. भाताच्या बांधीत आणि कालव्याच्या संथ पाण्यात वाढणारा अॅनोफिलीस क्युलिसिफेसिस हा ग्रामीण भारतातला मलेरियाचा मुख्य डास आहे, आणि धान सोडा असं आपल्याला कुणी सांगू शकत नाही.

मुंबईला किंवा पुण्याला शिकायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. राज्यातला मलेरिया गडचिरोलीनंतर सर्वाधिक चर्चेत असतो तो मुंबईत, आणि तिथे व्हायव्हॅक्सच जास्त. दिवाळीला गावी आल्यावर ताप आला तर तो गावचाच असेल असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त देताना गेल्या काही महिन्यांत कुठे राहिलात ते सांगा, आणि पूर्वी कधी मलेरिया झाला असेल तर तेही. तपासणाऱ्याला त्यावरूनच अंदाज बांधता येतो की हा नवा डास आहे की यकृतातला जुना भाडेकरू. व्हायव्हॅक्स निघाला तर प्रायमाक्विन घेण्याआधी जी-सिक्स-पीडी या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, कारण काहींच्या लाल पेशी या गोळीने फुटतात. गरोदर बाईला तर ही गोळी देतच नाहीत. बाकीच्यांनी चौथ्या दिवशी बरं वाटलं तरी पाकीट चौदाव्या दिवसापर्यंत संपवायचं आहे.